हर्टफर्डशायरच्या वह्या आणि पुण्याजवळची सहा गावं

बाळंतिणीच्या घरी पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. मुलगा की मुलगी, आणि वजन किती भरलं. अडीच किलो म्हटलं की ऐकणारा ‘बरंय, बरंय’ म्हणतो. साडेतीन म्हटलं की आजीचा चेहरा फुलतो. मग बारसं होतं, पेढे संपतात आणि तो आकडा घरातून नाहीसा होतो. साठीच्या माणसाला विचारा, जन्मलात तेव्हा किती वजनाचे होतात? तो गोंधळून बघेल. सांगू शकणारी आई राहिलेली नसते, आणि सुईणीने तर ते कधी मापलेलंच नसतं.

म्हणूनच हर्टफर्डशायरच्या वह्यांची गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटत आली आहे. लंडनच्या उत्तरेला लागून असलेला हा परगणा. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडला एक धास्ती पडली होती. बोअर युद्धासाठी भरतीला आलेल्या तरुणांपैकी पुष्कळ जण अंगाने इतके खुरटलेले निघाले, की त्यांना परत पाठवावं लागलं. अर्ध्या जगावर राज्य करणाऱ्या देशाला सैनिकच मिळेनात! ‘शारीरिक ऱ्हासा’ची चौकशी करायला सरकारने समिती नेमली आणि १९०४ मध्ये तिचा अहवाल आला. त्या काळी इंग्लंडात जन्मलेल्या दर हजार बाळांतली सुमारे दीडशे पहिला वाढदिवस बघत नसत. बाळं जगली पाहिजेत, धडधाकट झाली पाहिजेत, ही तेव्हा साम्राज्याची गरज होती. हेतू काहीही असो, त्यातून एक चांगलं काम उभं राहिलं.

ते उभं केलं एथेल मार्गारेट बर्नसाइड या बाईंनी. परगण्यातल्या सुईणींवर देखरेख ठेवणं आणि घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविकांचं नेतृत्व करणं हे त्यांचं काम. १९११ पासून त्यांनी शिस्त घालून दिली. बाळ जन्मलं की सुईणीने त्याचं वजन करायचं. पुढे वर्षभर आरोग्यसेविकेने घरी जात राहायचं. आईचं दूध की बाटली, दात किती आले, आजारपणं कोणती झाली ते टिपायचं, आणि वर्ष भरलं की पुन्हा वजन. हे सारं मोठ्या वह्यांमध्ये एका ओळीत एक बाळ असं उतरवायचं. काम कंटाळवाणं होतं, पण ते वर्षानुवर्षं चाललं, बर्नसाइडबाई गेल्यानंतरही चाललं. एवढ्या नोंदींचं पुढे काय होणार, हे त्या लिहिणाऱ्या बायकांपैकी एकीलाही ठाऊक असणं शक्य नव्हतं. पुढे राष्ट्रीय आरोग्यसेवा आली, जुनी व्यवस्था मागे पडली, आणि वह्या दप्तरात गेल्या.

त्या पुन्हा उघडल्या गेल्या १९८० च्या दशकात. साउदम्प्टनमध्ये डेव्हिड बार्कर नावाचे साथरोगतज्ज्ञ होते. कोणत्या भागात कोण कशाने मरतं, याचे नकाशे अभ्यासणं हा त्यांचा उद्योग. हृदयविकार म्हणजे खाऊन-पिऊन सुखी झालेल्यांचं दुखणं, असं तेव्हा सगळेच मानत होते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ साली ३० ते ६२ वयाच्या ५,२०९ माणसांना घेऊन जो थोर अभ्यास सुरू झाला, त्याने रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान हे धोके जगापुढे मांडले होते. आज डॉक्टरांच्या तोंडी सहज येणारा ‘रिस्क फॅक्टर’ हा शब्द रूढ झाला तो तिथूनच. पण बार्कर यांच्या नकाशावर हृदयविकाराचे सर्वाधिक मृत्यू दिसत होते ते इंग्लंड-वेल्सच्या गरीब भागांत. ही गाठ सुटेना. तेव्हा त्यांनी आणि संख्याशास्त्रज्ञ क्लाइव्ह ऑसमंड यांनी जुनी आकडेवारी काढली. १९२१ ते १९२५ या काळातले बालमृत्यू आणि १९६८ ते १९७८ मधले हृदयविकाराचे मृत्यू असे २१२ भागांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले. ते जुळले! जिथे पन्नास वर्षांपूर्वी तान्ही बाळं मरत होती, तिथेच आता म्हातारी माणसं हृदयविकाराने जात होती. १९८६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ज्या हलाखीने काही बाळं गेली, तिनेच वाचलेल्यांच्या शरीरावर कायमची खूण ठेवली असेल का?

नकाशावरून हे सिद्ध होत नाही. त्यासाठी नावागावाची माणसं लागतात, ज्यांचं जन्मवेळचं वजन कुणीतरी लिहून ठेवलंय अशी. बार्कर यांच्या माणसांनी देशभरची दप्तरं धुंडाळली आणि त्यांना हर्टफर्डशायरच्या वह्या सापडल्या.

मग सुरू झाला माणसांचा शोध. पहिल्या फेरीत फक्त पुरुष घेता आले, कारण बायकांची आडनावं लग्नात बदललेली. १९११ ते १९३० या काळात परगण्याच्या सहा भागांत जन्मलेले ५,६५४ पुरुष हाती लागले, आणि १९८९ मध्ये निष्कर्ष आला. देशातल्या त्याच वयाच्या पुरुषांचं हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण १०० धरलं, तर पहिल्या वाढदिवसाला १८ पौंड, म्हणजे सव्वाआठ किलोच्या आत असलेल्यांचं ते १११ होतं. २७ पौंड किंवा त्याहून जास्त वजनाचे जे होते, त्यांचं अवघं ४२. कुणातरी सेविकेने घरात काटा टांगून एक आकडा लिहिला, आणि साठ वर्षांनंतरच्या मरणाचा माग त्या आकड्यात निघाला. हे वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

लगेच कुणी मान्य केलं असं नाही. हा गरिबीचाच परिणाम, गरिबाचं बाळ लहान आणि पुढचं आयुष्यही खडतर, असं टीकाकार म्हणाले, आणि आक्षेप रास्त होता. पुढची काही वर्षं पुरावे गोळा होत राहिले. हर्टफर्डशायरच्याच पुरुषांत कमी वजनाने जन्मलेल्यांना मधुमेह जास्त निघाला. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझींनी अन्न तोडलं, तेव्हा पोटात असलेली बाळं पन्नाशीत साखर नीट पचवू शकत नव्हती. बार्कर आणि निक हेल्स यांनी १९९२ मध्येच याची मांडणी केली होती ती अशी: दुष्काळात शेतकऱ्याचं घर जसं आधी बियाणं राखतं आणि बाकी सगळ्यावर काटकसर करतं, तसं उपाशी गर्भ मेंदू राखतो आणि स्नायू, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांच्या वाट्याचं कमी करतो. पुढे अन्न मिळालं तरी ती काटकसर परत भरून निघत नाही.

आता पुण्याकडे यायचं. रास्ता पेठेतलं केईएम रुग्णालय पुणेकरांना सांगायला नको. डॉ. बानू कोयाजी १९४४ मध्ये तिथे आल्या आणि त्या लहानशा प्रसूतिगृहाचं त्यांनी मोठं रुग्णालय केलं. दवाखान्याच्या चार भिंतींत बसून खेड्यातल्या बाईचं भलं होत नाही, हे त्यांना कळलं होतं. म्हणून सत्तरच्या दशकात त्यांनी वढू बुद्रुकचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. केईएमच्या माणसांसाठी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत जे दार उघडलं जाई, ते या कामामुळे. विश्वास हा कुठल्याही संशोधनपत्रात येत नाही, पण तीस वर्षं चालणारा अभ्यास उभा राहतो तो त्याच्याच पायावर.

याच रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहींना तपासत होते. ऑक्सफर्डमध्ये काम करून ते परत आले होते. पाश्चात्त्य पुस्तकातला मधुमेही म्हणजे लठ्ठ आणि उतारवयाचा. त्यांच्यासमोर बसलेले रुग्ण मात्र ऐन उमेदीतले, हातापायांनी काटकुळे, फक्त पोटाचा घेर तेवढा सुटलेला. बीएमआयच्या तक्त्यात बसवले तर हे रुग्ण ठणठणीत ठरत, पण रक्तात साखर असे. बार्कर पुण्याला आले, त्यांच्याबरोबर साउदम्प्टनच्या डॉ. कॅरोलाइन फॉल आल्या, आणि प्रश्नाला नवी दिशा मिळाली. केईएममध्ये १९८७ ते १९८९ दरम्यान जन्मलेली मुलं चार वर्षांची असताना परत बोलावून तपासली, तेव्हा जन्मतः हलक्या मुलांच्या रक्तात साखर पाजल्यानंतर साखर आणि इन्सुलिन दोन्ही जास्त चढत होतं. आठव्या वर्षी तर चित्र आणखी स्पष्ट झालं. जी जन्माला लहान आली आणि नंतर अंगावर चरबी चढली, ती सगळ्यांत धोक्यात होती.

म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ रुग्णालयातही जुन्या जन्मनोंदी सापडल्या. तिथे जन्मलेल्या ५१७ माणसांच्या अभ्यासातून १९९६ मध्ये तोच धागा निघाला. पण जुन्या वह्यांची एक मर्यादा असते. बाळ किती वजनाचं झालं हे त्या सांगतात, आई काय खात होती हे सांगत नाहीत. ते कळायला आईलाच गाठायला हवं, आणि तेही दिवस जाण्याच्या आधी.

पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी १९९३ मध्ये सुरू झाला तो यासाठी. पुण्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवरची, अवर्षणाच्या पट्ट्यातली सहा गावं निवडली. मूल होऊ शकेल अशा वयाच्या २,६७५ विवाहित स्त्रियांपैकी २,४६६ जणींनी सामील व्हायला होकार दिला. अभ्यासाचे कार्यकर्ते दर महिन्याला घरी जाऊन एकच गोष्ट विचारत: पाळी कधी आली? हे वाक्य वाचायला सोपं आहे. ‘कावळा शिवला’ म्हणून ज्या घरात सून चार दिवस बाजूला बसत होती, तिथे सासूसमोर ही तारीख विचारणं आणि तिने सांगणं, दर महिन्याला, दोनेक वर्षं! कुणी लाजल्या असतील, कुणी आधी दार लावून घेतलं असेल. तरी त्या सांगत राहिल्या. पाळी चुकली की सोनोग्राफी, मग अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात सविस्तर तपासणी: रक्त, मापं, आहार, काम.

यातल्या आहाराच्या भागाची धुरा आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी सांभाळली. त्यांनी नुसतं खाणं विचारलं नाही, कष्टही विचारले. विहिरीवरून पाणी आणणं, धुणं, शेतातली खुरपणी, सगळं मोजलं. जिचं काम जास्त, तिचं बाळ लहान, असं दिसलं. आपल्या बायकांना हे कळायला अभ्यासाची गरज नव्हती, असं कुणी म्हणेल. पण बायकांना कळलेली गोष्ट कागदावर आकड्यात उतरते, तेव्हाच ती धोरण ठरवणाऱ्यांच्या टेबलापर्यंत पोहोचते.

या आयांकडे जरा थांबून बघायला हवं. सरासरी वय २१. दिवस जाण्याआधीचं वजन साधारण ४२ किलो, उंची १५२ सेंटिमीटर. अठराव्या आठवड्यात दिवसाकाठी पोटात जात होतं ते साधारण १,७७० उष्मांकांचं अन्न. अठ्ठाविसाव्या आठवड्यात, बाळ झपाट्याने वाढत असताना, ते वाढण्याऐवजी कमीच झालं होतं. आपल्याकडे जुनी समजूत आहे, फार खाल्लं तर पोर मोठं होईल आणि अडेल. शिवाय सगळ्यांची पानं उठल्यावर उरलेल्या भाकरीवर सुनेने जेवायचं, ही रीत. डोहाळजेवणाला एक दिवस हिरवी साडी, फुलांची वाडी आणि पाच पक्वान्नं, बाकी दोनशे ऐंशी दिवस हे. शहरात राहून ‘पूर्वीचं सकस अन्न’ म्हणून उसासे टाकणाऱ्यांनी हे आकडे एकदा नीट वाचावेत असं मला मनापासून वाटतं.

प्रसूती झाली की ७२ तासांच्या आत बाळाची मापं घ्यायची, हा नियम. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली चाल लक्षात घेतली म्हणजे या नियमाचं ओझं कळतं. बाळांचं सरासरी वजन भरलं २,६६५ ग्रॅम, आणि शंभरातली २८ अडीच किलोच्याही खाली. कोणत्या आयांची बाळं त्यातल्या त्यात बरी होती? एकूण उष्मांकांशी किंवा प्रथिनांशी फारसा संबंध दिसला नाही. ज्या दूध घेत होत्या, पालेभाज्या आणि फळं खात होत्या, त्यांची बाळं मोठी होती. पालेभाजी, म्हणजे बांधावर उगवणारी गोष्ट!

पण सगळ्यांत मोठा धक्का बाळांच्या मापांतच दडलेला होता. पुण्याची ६३१ बाळं साउदम्प्टनच्या ३३८ बाळांच्या शेजारी मांडली. वजनात फरक मोठा, पावणेतीनच्या आत विरुद्ध साडेतीन किलो. सगळीच मापं लहान असणार हे उघड होतं, पण ती सारखी लहान नव्हती. दंडाचे स्नायू आणि पोटाचा घेर फार कमी, आणि खवाट्याखाली चिमटीत धरून मोजलेली चरबीची घडी मात्र बरीचशी टिकून. हाडं-मांस कमी, चरबी राखलेली. ‘थिन-फॅट बेबी’ हे नाव २००३ मध्ये जगापुढे आलं. पुण्याच्या आणि लंडनच्या बाळांचं नाळेतलं रक्त तपासलं, तर पुण्याच्या चिमुकल्या बाळांत इन्सुलिन जास्त. रुग्णालयात दिसणारा तो काटकुळा, पोट सुटलेला मधुमेही पहिला श्वास घेतानाच तसा होता.

पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये एक छायाचित्र छापून आलं. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र डॉ. जॉन युडकिन शेजारी उभे. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी हे चित्र पाहिलंय. आयुष्यभर मोजून-मापून जगणाऱ्या पुणेकराच्या अंगातही ही चरबी येतेच, कारण ती आलेली असते फार मागून.

आणि मग बी-१२. या आयांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक जणींच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी होतं. ते मिळतं दुधातून, अंड्यातून, मांसातून. मांस सणासुदीला, आणि दुधाचं म्हणाल तर घरात म्हैस असली तरी ते निघालं की डेअरीला. पुण्यातल्या आणि आसपासच्या ४४१ पुरुषांच्या वेगळ्या पाहणीतही ६७ टक्क्यांत बी-१२ कमी निघालं, म्हणजे ही नुसत्या खेड्याची किंवा नुसत्या बायकांची गोष्ट नव्हती. फोलेटची मात्र या आयांना कमतरता नव्हती. एक तर भाजीपाला, दुसरं म्हणजे सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोह-फोलिक ॲसिडच्या गोळ्या. मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा तपासलं, आणि २००८ मध्ये जे प्रसिद्ध झालं त्याने अनेकांना विचारात पाडलं. ज्यांच्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, ती मुलं इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होती. याचा अर्थ गोळ्या घेऊ नयेत असा मुळीच नाही. फोलिक ॲसिडने बाळाच्या मणक्याचे भयंकर दोष टळतात, हे पक्कं आहे. पण शरीरात ही दोन जीवनसत्त्वं बैलजोडीसारखी एका जुवाला चालतात. एक बैल धष्टपुष्ट आणि दुसरा उपाशी, मग नांगर सरळ कसा चालणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे आपण एरवी किती सहज म्हणतो.

मुलं बारा वर्षांची झाली, अठरा वर्षांची झाली. दर टप्प्याला ती येत राहिली. हर्टफर्डशायरला ज्या अडचणीने मुली वगळाव्या लागल्या होत्या, तीच इथे सासरी गेलेल्या मुलींच्या रूपाने समोर आली, पण इथे त्यांना सोडून दिलं नाही. अठराव्या वर्षी सहाशेहून अधिक जणांची साखर तपासली. मुलांमध्ये ३७ टक्के आणि मुलींमध्ये १८ टक्के मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाले. सडपातळ, खेड्यातली, राबणारी पोरं. यांना कोणता डॉक्टर ‘वजन कमी करा, गोड सोडा’ म्हणणार? मधुमेह झाला की आपण माणसाच्या जिभेला दोष देतो. या पोरांच्या बाबतीत तो दोष कुणाच्या ताटावर टाकायचा, हे मला अजून नीट सुचत नाही. ते ताट त्यांच्या आईचं होतं, आणि ते तिने भरलेलं नव्हतं.

२०१२ मध्ये नुसतं बघत राहणं थांबलं. वयात आलेल्या याच मुलामुलींना रोज बी-१२ ची माफक मात्रा, २ मायक्रोग्रॅम, देण्याची चाचणी सुरू झाली. काहींना त्याबरोबर इतर सूक्ष्म पोषकं आणि दूध पावडर, तुलनेसाठी काहींना बी-१२ शिवायच्या गोळ्या. लोह-फोलिक ॲसिड सगळ्यांनाच. मुलींना हे सगळं पहिल्या बाळंतपणापर्यंत द्यायचं होतं. चाचणीचं नाव ‘प्रिया’. दिवस गेल्यावर नव्हे, दिवस जाण्याच्या कितीतरी आधी आईला पोसायचं, हा तिचा सगळा विचार. बार्कर २०१३ मध्ये वारले तेव्हा ती नुकती मार्गाला लागली होती.

त्यानंतरच्या वर्षांत त्या मुलींची बाळं जन्मली. नाळेतलं रक्त घेतलं गेलं, काटा पुढे आला, वजन भरलं, खवाट्याखाली चिमटा धरला गेला. त्या बाळाच्या नोंदीमागे त्याच्या आईचंही जन्माचं वजन आहे, सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या वर्षीच्या साखरेसकट. त्याच्याही मागे आजीची उंची आहे, तिच्या रक्तातलं बी-१२ आहे, आणि पोटात लेक असताना अठ्ठाविसाव्या आठवड्यात आजीने पालेभाजी किती वेळा खाल्ली होती, दूध घेतलं होतं की नाही, हेही लिहिलेलं आहे.